भरल्या खोलीचा ठसा

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे मी खुशाल. तिकडे तुम्ही दोघं खुशाल असाल असं मी धरून चालते, कारण फोनवर तुझ्याकडून तेवढंही कळत नाही. तू "हं" म्हणतोस, "बरं" म्हणतोस आणि फारच रंगात आलास तर "ठेवू?" म्हणतोस. औषधाच्या दुकानात खोकल्याच्या एका बाटलीवर गिऱ्हाइकाला तासभर प्रवचन देणारा माणूस तो हाच का, असा मला प्रश्न पडतो. म्हणून हे पत्र. पत्रात तुला "ठेवू?" म्हणता यायचं नाही.

सोबतच्या खोक्यात एक छोटं काळं यंत्र आहे आणि फुग्यांचं पाकीट आहे. मला वेड लागलेलं नाही. निदान नवीन तरी नाही. फुगे कशाला ते सांगते, पण जरा मागून सुरुवात करू दे, नाहीतर तू यंत्र कपाटात ठेवशील आणि फुगे शेजारच्या पोरांना वाटून मोकळा होशील.

आई सांगते की मी काय शिकते असं कुणी विचारलं तर तू "गाण्याचं काहीतरी" म्हणतोस. अरे, गाण्याचं नाही. म्हणजे गाण्याचंही आहे. ध्वनिमुद्रण आहे, वाद्यमेळ आहे, आणि मुख्य म्हणजे चित्रपटांना, मालिकांना, माहितीपटांना पार्श्वसंगीत देणं आहे. पडद्यावर माणूस अंधाऱ्या घराचं दार ढकलतो आणि तू उशी घट्ट धरतोस ना, ती भीती दाराची नसते. कुणीतरी कुठेतरी खुर्चीत बसून ती तयार केलेली असते. ते कुणीतरी व्हायचं शिक्षण घ्यायला मी आले. तू लावून दिलेली हिशेबनिसाची नोकरी सोडून आले हेही खरं, आणि तेव्हापासून तू माझ्याशी मोजून बोलतोस हेही खरं. असो. आज ते उकरायला बसलेले नाही.

आमच्या विद्यापीठाच्या तळघरात एक खोली आहे. भिंतींना, छताला, सगळीकडे फोमचे जाड कोन लावलेले आणि पायाखाली तारेची जाळी. आवाज तिथे आपटून परत येतच नाही. मॅडम (आम्हाला ध्वनीचा विषय शिकवतात त्या) आम्हाला एकेकाला आत पाठवत होत्या. माझी पाळी आली. दार लागलं. मी गुणगुणायला गेले आणि दादा, आवाज ओठांतून निघाला आणि तिथेच मेला. तू मला लहानपणापासून भुंगा म्हणतोस, दिवसभर गुणगुणते म्हणून. त्या खोलीत तुझा भुंगा गपगार झाला. मग माझंच काळीज धडधडताना ऐकू यायला लागलं, मानेतलं रक्त वाहताना ऐकू यायला लागलं. आपण ज्याला आपला आवाज म्हणतो, त्यातला निम्मा खोलीचा असतो म्हणे. मला हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

पण खरी गंमत पुढच्या आठवड्यात. मॅडमनी आम्हाला जिन्यात नेलं, एक फुगा फोडला आणि तो आवाज टिपून घेतला. बस, एवढंच. मग संगणकावर माझं तळघरात टिपून ठेवलेलं ते मेलेलं गुणगुणणं घेतलं आणि त्यावर त्या फुग्याच्या आवाजाची काहीतरी प्रक्रिया केली. आणि मी जिन्यात गात होते! मी तिथे कधी गायलेच नव्हते दादा. फुटलेल्या फुग्यानंतर जो घुमारा उरतो ना, त्यात त्या जागेची सगळी ओळख असते, म्हणजे भिंती किती लांब, छत किती उंच, कोपरे कुठे. त्याला लांबलचक शास्त्रीय नाव आहे. मी ठसा म्हणते. एकदा ठसा घेतला की कुठलाही आवाज त्या जागी नेऊन ठेवता येतो. मी तोंडात बोटं घातली ती अजून काढलेली नाहीत.

आता मुद्दा. शेवटच्या वर्षाचं काम म्हणून मला एका छोट्या चित्रपटाचं संगीत करायचं आहे. चित्रपट विभागातल्या एका मुलीनं तो केलाय. त्यात एक बाई आपल्या घरात एकटीच काम करता करता गुणगुणते, आणि तिच्या गुणगुणण्यातूनच हळूहळू सगळं संगीत उगवतं. गुणगुणणं माझं आहे. पण ते स्टुडिओत टिपलेलं, म्हणून कुठलंच नाही. आमच्याकडे जगभरातल्या जागांचे ठसे आहेत. मोठमोठी सभागृहं आहेत, बोगदे आहेत, पाण्याची रिकामी टाकीसुद्धा आहे. सगळे लावून पाहिले. बाई कधी राजवाड्यात गुणगुणते, कधी टाकीत. घरात काही येईना. आणि परवा एकदम डोक्यात उजेड पडला. काखेत कळसा नि गावाला वळसा! मला जी खोली हवी आहे ती आपली पुढची खोली आहे, आईच्या शिलाई मशीनची.

महिनाअखेर तुम्ही नव्या घरी जाणार आणि या भाड्याच्या घराच्या किल्ल्या तू मालकांना देणार. मग ते मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक करणार असं आई म्हणाली. तेव्हा एवढं कर. यंत्र मी झोपायचे त्या कोपऱ्यात ठेव. लाल बटण दाब. आई मशीनवर बसते तिथे उभा राहून फुगा मोठा फुगव आणि टाचणीनं फोड. आवाज पूर्ण विरेपर्यंत बोलू नकोस, हलू नकोस, शिंकू नकोस. असं पाच-सहा वेळा. मोबाईलवर चालत नाही, तो मोठा आवाज दाबून टाकतो.

नव्या घरात तू माझ्यासाठी एक खोली ठेवली आहेस असं आईकडून कळलं. बरं.

फुगे फोडताना डोळे सांभाळ.

तुझी,
भुंगा


१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, औषधाच्या बाटलीवरची सूचनाच. "यंत्र मिळालं. फुगे पुरतील. परीक्षा कधी संपते आणि खोलीला रंग कोणता हवा, निळा की पांढरा, ते कळव." तरी तुझं अक्षर पाहून बरं वाटलं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून तूही तसाच लिहायला लागला आहेस.

परीक्षा उन्हाळ्यात. रंगाचं आईला विचार.

तर, परवाचं सांगते. परवा माझ्या संगीताचं ध्वनिमुद्रण झालं. आजवर मी जे काही लिहिलं ते संगणकानं वाजवून दाखवलेलं. संगणक बिचारा कुरकुर न करता वाजवतो, चुकीचं लिहिलं तर चुकीचंही गोड वाजवतो. परवा पहिल्यांदा खरी माणसं आली. व्हायोलिनवाले, व्हिओलावाले, दोन चेलो. एकीनं खुर्चीखाली दळणाच्या डब्याएवढी पर्स ठेवली, एकानं नाक शिंकरलं, एक जण शेजारच्याला घराच्या गळक्या नळाचं सांगत होता. मी काचेच्या अलीकडे, कानांवर हेडफोन. मला वाटलं, ही माणसं माझा कागद बघून हसणार.

मॅडमनी खूण केली. नळाचं बोलणं थांबलं. आणि पहिल्या स्वराच्या आधी त्या सगळ्यांनी मिळून एकदम श्वास घेतला.

दादा, तो श्वास माझ्या हेडफोनमध्ये आला आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी स्वर लिहिले होते, कुठे हळू, कुठे जोरात सगळं लिहिलं होतं. श्वास कुठे लिहिला होता? तो त्यांनी आपणहून दिला. अनोळखी माणसं, मला नावानंही ओळखत नव्हती, आणि मी खोलीत एकटीनं बसून जे काही मनात आणलं होतं ते वाजवायला सगळ्यांनी एकाच वेळी छाती भरून घेतली. पहिला स्वर लागला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोरचं काही दिसेना. वाजवून झाल्यावर चेलोवाल्या बाई म्हणाल्या, "शेवटून दुसरी ओळ फार वर आहे गं, बोटं मोडतील माझी." मी म्हटलं, बदलते. त्या म्हणाल्या, "नको, बोटं मोडू देत. छान आहे."

त्या दिवशी मॅडमच्या ओळखीचे एक संगीतकार मागे येऊन बसले होते. माहितीपटांचं पुष्कळ काम करतात. छातीपर्यंत दाढी, म्हणून आम्ही त्यांना दाढीवालेच म्हणतो. ते निघताना म्हणाले, "तो सगळ्यांचा श्वास कापू नकोस. नवशिके लोक पहिल्यांदा तोच कापतात." मी म्हटलं, मी तर तोच ठेवणार आहे, स्वर गेले तरी चालतील. ते मोठ्यानं हसले. मग काय शिकतेस, पुढे काय करणार वगैरे चौकशी केली. त्यांना हाताखाली माणूस हवं आहे म्हणे.

असो. फुग्यांचं विसरू नकोस. पंखा बंद ठेव, खिडकी लाव. रस्त्यावरचा भाजीवाला ठशात आला तर बाई आयुष्यभर भाजीवाल्यासकट गुणगुणेल.

आईच्या गुडघ्याला तेल लावतोस का? ती लावते म्हणते, पण तिचं "लावते" म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे.

तुझी,
भुंगा


२१ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पार्सल आलं. यंत्र तिकडेच ठेवून तू नुसतं त्याच्या आतलं इवलं कार्ड पाठवलंस, आणि त्याभोवती इतका कापूस गुंडाळला होतास की मला वाटलं आत इंजेक्शन आहे. चिठ्ठी वाचून मी वसतिगृहाच्या जिन्यात एकटीच हसत सुटले. शेजारच्या काकू विचारत आल्या, वाढदिवस कुणाचा, आणि तू म्हणालास, "घराचा." तुला विनोद येतात हे मी विसरलेच होते.

तुला मनापासून धन्यवाद, हे आधी लिहिते. कारण पुढचं लिहायला जड जातंय.

मी धावत स्टुडिओत गेले. तुझा फुगा लावला, माझं गुणगुणणं घेतलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं. आणि कुठलंतरी परकं घर आलं. आवाज टणटण करत होता, नव्या बांधकामात जिन्यात उभं राहून बोलावं तसा. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. पुन्हा केलं. दुसरा फुगा घेतला, तिसरा घेतला. तेच. शेवटी मॅडम आल्या. त्यांनी थोडंसं ऐकलं आणि विचारलं, "खोलीत सामान काय होतं?"

मी कार्डावरचं सगळं पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं. सुरुवातीला तुझी पावलं वाजतात. रिकाम्या फरशीवर वाजतात तशी. मग तुझा आवाज येतो, "सगळं काढलंय, झाडून घेतलंय, आता आवाज स्वच्छ येईल."

दादा, चूक माझी आहे. मी पठ्ठी तीन वर्षं हेच शिकते आहे आणि तुला सांगायचं तेवढंच विसरले. मला वाटलं खोली म्हणजे भिंती. मी भिंती मागितल्या, तू भिंती पाठवल्यास. तू तर आणखी मायेनं झाडूनही घेतलंस. आपल्या खोलीचा आवाज भिंतींचा नव्हताच. तो आईच्या चिंध्यांच्या बोचक्यांचा होता, दोरीवर टांगलेल्या लोकांच्या कपड्यांचा, भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या गाद्यांचा, अर्धवट शिवलेल्या पडद्यांच्या ढिगाचा होता. ते सगळं आवाज पिऊन टाकायचं. म्हणून त्या खोलीत कुणी ओरडलं तरी भांडण झाल्यासारखं वाटायचं नाही. आठवतं? बाबा गेले तेव्हा आई त्या ढिगात तोंड खुपसून रडायची आणि आपल्याला मागच्या खोलीत काही ऐकू यायचं नाही. तू सांगितलंस म्हणून मला कळलं.

तुझं ते वाक्य ऐकून मी मॅडमसमोर रडले. त्या म्हणाल्या, "कागदावर हे सगळ्यांना येतं. पोटातून कळायला एकदा असा फजितवाडा व्हावा लागतो."

सामान परत मांड असं मी तुला सांगणार नाही. टेम्पो करून तू ते नव्या घरी नेलंस, कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवताना तुझी पाठ धरली, हे आईनं सांगितलंय. किल्ल्या द्यायला आठवडा उरला. दुकान सोडून तू किती धावणार? मी कुठल्यातरी परक्या दिवाणखान्याचा ठसा घेऊन काम भागवीन. पाहणाऱ्याला कळायचं नाही. मला कळेल, पण मला काय, सवय होईल.

रंगाचं तू पुन्हा विचारलंस. घाई काय आहे? चांगला रंग सावकाश ठरवावा.

पाठीला शेक दे. औषधवाल्यालाच औषधाचं सांगायची वेळ आली.

तुझी,
भुंगा


९ मार्च

प्रिय दादा,

चार दिवस झाले पत्र लिहायला बसते आणि उठते. आज उठायचं नाही असं ठरवलंय.

मी मागितलं नव्हतं आणि तरी दुसरं पार्सल आलं. या वेळी चिठ्ठीही नव्हती. पण आईनं फोनवर सगळं साग्रसंगीत सांगितलं. तू पुन्हा टेम्पो केलास. टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, लोक जुन्या घरातून नव्या घरात जातात, तुम्ही उलटेच निघालात." तू गाद्या आणल्यास, बोचकी आणलीस, ते पत्र्याचं कपाटही पुन्हा उतरवून आणलंस, दोरी बांधलीस, दोरीवर कपडे टांगलेस. आईचे कमी पडले तर स्वतःचे सदरे टांगलेस. मशीन एकट्यानं उचलत होतास तेव्हा टेम्पोवाल्यानं मुकाट्यानं दुसरी बाजू धरली. आणि आई म्हणाली, खोली भरायची तर माणसंही हवीत, म्हणून ती आपल्या स्टुलावर जाऊन बसली. तिला हे कुणी शिकवलं? माणसाचं अंगही आवाज पितं हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवलं.

मी स्टुडिओचं दार लावून घेतलं आणि शेवटचा फुगा माझ्या गुणगुणण्याला लावला. दादा, ती आपली खोली होती. कशी सांगू तुला? समोर संगणक, काच, तारांचं जंजाळ, आणि कानात माझा आवाज त्या बोचक्यांत, त्या गाद्यांत अलगद मुरत होता. वर डाव्या हाताला जरासा खडखडीतपणा, ते पत्र्याचं कपाट. ते कुठे असायचं हे मी विसरूनही गेले होते. आवाज विसरला नव्हता. मी हात लांब केला. खरंच केला, मूर्खासारखा, भिंतीला हात लागेल म्हणून.

मॅडमना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, "इथे कुणीतरी बसलेलं आहे." मी म्हटलं, हो. चित्रपट शनिवारी दाखवला. पडद्यावरची बाई गुणगुणायला लागली आणि सभागृहातला खोकला थांबला. दीडशे अनोळखी माणसं आपल्या पुढच्या खोलीत बसली होती, आईच्या मशीनशेजारी, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. मी अंधारात तोंडावर हात धरून बसले. एवढं मोठं काही आपल्या हातून होऊ शकतं याचीच मला भीती वाटत होती.

हे झालं कामाचं. आता जे मी दोन पत्रं टाळत आले ते.

तू यंत्र मधे बंद केलंच नाहीस. पहिला फुगा फुटतो तेव्हा आई "अगं बाई!" म्हणून ओरडते आणि मग हसायला लागते. तू म्हणतोस, "आई, बोलायचं नसतं. लिहिलंय तिनं." आई म्हणते, "दचकले तर काय करू, तोंडात बोळा कोंबू?" मग जरा वेळ नुसता स्टुलाचा आवाज येतो. मग आई विचारते, "काय रे, ती परत राहायला यायची नाही ना?"

तू पाकिटात फुगे चाचपत असतोस. मग म्हणतोस, "घर मागवून घेतेय ना तिकडे. परत येणारं माणूस घर मागवून घेतं का?"

"तिनं सांगितलं तुला?"

"नाही. तिला अजून तिचंच कळलं नसेल."

मला वाटलं आता ती रडेल आणि मला ते ऐकावं लागेल. पण ती म्हणाली, "मग हा चांगला नाही आला. मी हसले त्यात. दुसरा फुगव. मोठा फुगव. तिला लांब न्यायचंय."

नंतर तू फुगा फुगवतोस. तुझा श्वास त्यात जाताना मला ऐकू येतो, एकेक करून. मग तुम्ही दोघं इतके स्तब्ध होता की मला वाटलं यंत्र बंद पडलं. मग फुगा फुटतो आणि सगळी खोली येते, अगदी शेवटच्या धाग्यापर्यंत, आणि ती पूर्ण विरून गेल्यावरही तुम्ही दोघं बोलत नाही. बोललात ते थेट मालकांची हाक आल्यावर. चित्रपटात मी लावलाय तो हाच फुगा.

दादा, पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला खरंच ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, मला आपलं कामापुरती खोली हवी आहे. तुला माझ्या आधी कळलं, आणि तरी तू मला रंग विचारत राहिलास, आणि तरी सामान परत वाहून आणलंस. मी या तीन वर्षांत आश्चर्यं पुष्कळ पाहिली. पण हे मला पेलत नाहीये.

तर हो. दाढीवाल्यांनी विचारलं त्याच दिवशी मी होकार दिला. परीक्षा झाली की त्यांच्याकडे काम सुरू. पगार बेताचा, काम ढिगानं, आणि मला तेच करायचंय. नोकरी सोडून आले तेव्हा तू म्हणाला होतास, "हौस फिटली की येशील." नाही फिटली रे. वाढली. तुझा विरस झाला असेल, रागही आला असेल. मला इकडे एकटीला राहायची भीती वाटते, आई थकत चालली आहे तेही दिसतं, आणि सगळा भार तुझ्यावर टाकून मी इथे आवाज गोळा करत बसणार याची टोचणी आहे ती आहेच. पण येते म्हणाले असते तर ते खोटं झालं असतं, आणि तुम्हा दोघांपुढे आता खोटं टिकायचं नाही.

ती खोली आईच्या मशीनला दे. खिडकीशी उजेड येईल असं लाव. रंग पांढरा. दोरा ओवताना तिला बरं पडेल.

जून संपता संपता दोन आठवडे येईन. स्टेशनवर घ्यायला ये. फोनवर जसा बोलतोस तसाच "हं" म्हणत उभा राहा. त्या "हं"मध्ये काय काय असतं ते आता मला ऐकू येतं.

पत्राच्या शेवटी "लोभ असावा" असं लिहायची पद्धत आहे. मी काय लिहू? तो आहे. मी ऐकलाय.

तुझ्या घरची पाहुणी,
भुंगा